चौदा नंबरचा ट्रक

नेवाडा, ६ मार्च, रविवार

सॉल्वेग,

आठ महिन्यांनी लिहितोय, तेव्हा वाईट ते आधी सांगून टाकतो. तुझा भाऊ इथे आहे. इंगी गेल्या मंगळवारपासून माझ्याच टोळीत कामाला लागलाय.

लगेच पत्र फाडू नकोस. मिनेसोटाला माहेरी जाताना दारात उभी राहून तू मला दोन गोष्टी बजावल्या होत्यास. मला बोलवायला येऊ नकोस, ही एक. आणि माझ्या भावाला तुझ्या त्या वाळवंटात ओढू नकोस, ही दुसरी. पहिली मी पाळली. दुसरीबद्दल एवढंच म्हणतो की तो आपणहून आला. बसमधून उतरला तो हातात एक पिशवी आणि अंगाला मिनेसोटाच्या गोठ्याचा वास. मला म्हणतो, "दाजी, तुमच्याकडे गाड्या मोडायचं काम असतं म्हणे. कोरियात दोन वर्षं मी तेच केलंय. शिकवायची गरज नाही."

तीस वर्षांच्या माणसाला काय कान धरून परत पाठवायचं?

कामाबद्दल लिहू नये असा नियम आहे, आणि तू विचारणारही नाहीस. आम्ही गाड्या ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या बाजूला तोंड करून उभ्या करतो. नंतर जाऊन बघतो आणि परत आणतो. मधल्या वेळात आम्ही सात मैलांवर असतो. धोका असा काही नाही. खरंच नाही.

काल जीपगाड्या लावत होतो. एकीचं तोंड समोर, दुसरी आडवी, अशा जोड्या. इंगीने आडव्या जीपच्या बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं, "हिनं का तोंड फिरवलंय? रुसली की काय?"

"कुशीवर मार बसला तर काय होतं ते बघायचंय."

"मग तिला आधी सांगा तरी बिचारीला. आमच्या ताईसारखी न बोलता निघून जायची."

टोळीतले सगळे हसले. मीही हसलो. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने मान खाली घालून हँडब्रेक उगाच दोनदा ओढला.

तो बरा आहे. जेवतो भरपूर. इथली कॉफी म्हणजे टायर धुतलेलं पाणी आहे, असं त्याने तुला कळवायला सांगितलंय.

लेलँड

लास व्हेगस, १९ मार्च, शनिवार

सॉल्वेग,

हे पत्र गावात येऊन टाकतोय. आमच्या छावणीतून जाणारी पत्रं वाचली जातात म्हणे. ज्या गोष्टीवर मी सही करून तोंड बंद ठेवलंय, ती तुला सांगणार आहे. सहा वर्षं सांगितली नाही, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे.

तसं बघितलं तर गुपित असं काय आहे? अणुबाँब सगळ्या जगाला ठाऊक आहे. इथे लोक हॉटेलच्या गच्चीवर पेले घेऊन बसतात तो बघायला. गुपित आहे ते एवढंच, की जीपचं काय झालं. आणि ते मला ठाऊक असतं.

स्फोट सहा वेळा पुढे ढकलला. वारा गावांच्या दिशेने असला की थांबावं लागतं. आम्ही रोज पहाटे तीनला उठून तयार व्हायचो आणि रोज परत येऊन अंडी खायचो. तुझ्या आई गेल्या तेव्हाही असंच झालं होतं, सॉल्वेग. दिवस ठरलाय, सोडता येणार नाही, असं मी तुला फोनवर सांगितलं. मग तो दिवस पुढे गेला, नऊ वेळा. म्हणजे मी मिनेसोटाला येऊन, त्यांना माती देऊन, परत आलो असतो तरी चाललं असतं. पण 'उद्या' म्हणतात ना, तेव्हा ते उद्याच वाटतं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी एकदाचं झालं. पाठ करून, डोळे मिटून उभे होतो. डोळे मिटूनही उजेड दिसतो. मग अर्धं मिनिट काहीच नाही, अगदी काही नाही. इंगी पुटपुटला, "झालं?" आणि तेवढ्यात धक्का आला. सात मैलांवर तो एवढाच असतो, की दार आपटावं आणि दार आपणच असावं.

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरवाल्यांनी दुपारी आत सोडलं. सगळ्यात जवळचा टँक जागेवर होता, म्हणजे चार फूट सरकला होता. बाहेरची खोकी, मडगार्ड, एरियल सगळं गेलेलं. एका बाजूचा रंग मातीने खरवडून काढला होता, पत्रा आरशासारखा चमकत होता. बॅटरी जोडली तर चौथ्या झटक्याला इंजिन सुरू. इंगीने मला विचारलं, "आत माणूस असता तर?" मी म्हटलं, तो आपला विभाग नाही.

पण जीपगाड्या. आमच्याकडे एक तक्ता आहे, अमुक अंतरावर अमुक दाब आणि अमुक मोडतोड. नऊशे यार्डांवरची आडवी जीप फार तर उलटी होईल असं त्यात होतं. ती आम्हाला दोनशे ऐंशी यार्ड पुढे सापडली, पाच तुकड्यांत. इंगी चाकं गोळा करत हिंडत होता आणि ओरडत होता, "हे कुणाचं? अहो, हे कुणाचं पोर हरवलंय?" शेवटी त्याचाही आवाज बसला. खांबावरच्या यंत्रांनी दाब तक्त्यापेक्षा कमी दाखवला होता. दाब कमी आणि मोडतोड जास्त!

मला वाटतं ते असं. आधी त्या उजेडाने जमीन भाजून निघते. तापलेल्या जमिनीलगत धक्क्याची लाट वरच्यापेक्षा पुढे पळते आणि सगळी माती उचलते. नुसता वारा गाडीला धक्का देतो. माती भरलेला वारा नदीच्या पुरासारखा येतो, आणि आडव्या गाडीला तो सगळ्या अंगाने लागतो. तोंड समोर असलेली जीप तेवढ्याच अंतरावर काच आणि रेडिएटर गमावून उभी होती.

हे मी मेजर प्रूइटला सांगितलं. प्रूइट आमचा वरचा. वाईट माणूस नाही, फक्त त्याला झोप लागत नाही आणि ते दिसतं. त्याने टेपने मोजलेले माझे आकडे बघितले आणि म्हणाला, "क्रेब्स, तक्ता डॉक्टरेट केलेल्या माणसांनी बनवलाय."

"जीप मी उचलली, साहेब."

"तू उचल. विचार त्यांना करू दे."

इंगी बाहेर उभा राहून ऐकत होता. परत येताना ट्रकमध्ये म्हणतो, "दाजी, तुम्ही दोनच वाक्यं बोललात. त्यातलं एक 'साहेब'."

लेलँड

नेवाडा, ३१ मार्च, गुरुवार

सॉल्वेग,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ होती, पण मिळालं. "त्याला परत पाठव." खाली सहीसुद्धा नाही.

मी ते इंगीला दाखवलं. त्याने वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं, म्हणजे आता ते माझ्याकडे नाही. म्हणाला, "तिकडे जाऊन काय करू? गाई बोलत नाहीत आणि बाबाही बोलत नाहीत. गाईंचं निदान डोळ्यांत दिसतं तरी." मग म्हणाला, "तुम्ही येणार असाल तर येतो."

म्हणून असं ठरलंय. पुढचा स्फोट एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. तो झाला की मी दोन आठवड्यांची रजा घेतो आणि शुक्रवारी, १५ तारखेला आम्ही दोघे निघतो. सोमवारी पोहोचू. मी आत येणार नाही. त्याला फाटकाशी सोडीन. तू पडद्याआडून बघितलंस तरी चालेल.

अर्ज प्रूइटच्या टेबलावर आहे. सही तेवढी बाकी.

लेलँड

नेवाडा, १५ एप्रिल, शुक्रवार

सॉल्वेग,

आम्ही सोमवारी पोहोचत नाही. इंगीला थोडं लागलंय. ट्रक चालवताना रस्त्यावरून घसरला. दवाखान्यात आहे, डॉक्टर चांगले आहेत. काळजीचं कारण नाही. सविस्तर मागाहून लिहितो.

लेलँड

लास व्हेगस, २१ एप्रिल, गुरुवार

सॉल्वेग,

तुझी तार मिळाली. तुला खात्याकडून आलेलं पत्रही मी बघितलंय, नक्कल आमच्या कचेरीत आहे. "कर्तव्यावर असताना वाहन अपघात." ठिकाण लिहिलेलं नाही, ते लिहीत नाहीत.

थोडं लागलंय असं मी लिहिलं, ते खोटं होतं. त्याची पाठ मोडली आहे. कमरेच्या वर, बरगड्या संपतात तिथे. पाय हलत नाहीत आणि त्यांत जाणीव नाही. हात चांगले आहेत. बोलतो. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला की सूज उतरली की बघू. मी सहा वर्षं मोडलेल्या वस्तूंसमोर उभा राहून लोकांना 'बघू' म्हणत आलोय, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळतो.

तू यायचं म्हणतेस. मी तीन ठिकाणी विचारलं. तो दवाखाना कुंपणाच्या आत आहे आणि बाहेरच्यांना परवाना नाही, बहीण असली तरी. मी म्हटलं मग त्याला बाहेर हलवा. म्हणाले, हलवण्याजोगा नाही. मी त्या माणसाच्या टेबलासमोर बराच वेळ उभा राहिलो. शेवटी त्यानेच विचारलं, "आणखी काही?"

मला रोज अर्धा तास भेटू देतात. काल त्याने विचारलं, ताईला कळवलंत? मी म्हटलं, हो. "काय कळवलंत?" थोडं लागलंय म्हणून. तो हसला. हसताना त्याला दुखतं, म्हणून मध्येच थांबला.

"दाजी," तो म्हणाला, "त्या दारावर फुली होती ना?"

मी म्हटलं, "कुठल्या दारावर? नव्हती."

आता तुला विचारावंसं वाटेल, कसली फुली. ते पुढच्या पत्रात लिहितो. आज हात चालत नाही.

लेलँड

लास व्हेगस, २७ एप्रिल, बुधवार

सॉल्वेग,

सहा दिवस झाले. कागद काढतो आणि ठेवून देतो. आता सुरुवात करतोय ती थांबायचं नाही असं ठरवून.

आधी एक जुनं खोटं. इंगी आपणहून आला नाही. मी त्याला नोव्हेंबरात पत्र लिहिलं होतं. इथे माणूस घ्यायचा तर तीन महिने चौकशी होते, त्याचे कागद मीच भरले. तू गेल्यावर त्या घरात कुणी बोलायला नव्हतं. आणि तो तुझ्यासारखा हसतो. एवढंच कारण होतं.

आता तेरा तारखेचं.

या वेळी प्रश्न वेगळा होता. स्फोटानंतर किती गाड्या स्वतःच्या पायांनी परत येतात, हे वरच्यांना हवं होतं. म्हणजे लढाईत असं झालं तर किती ट्रक घेऊन पुढे जाता येईल. एकवीस ट्रक लावले होते. दुपारी पाहुणे येणार होते, त्यांच्या आत आकडा हवा होता.

आमची पद्धत अशी: मी पुढे जायचो, गाडी तपासायचो. चालवण्याजोगी असेल तर दारावर खडूने गोल. नसेल तर फुली. इंगी आणि बाकीचे मागून यायचे आणि गोल असलेल्या गाड्या चालवत न्यायचे.

चौदा नंबरचा ट्रक चौदाशे यार्डांवर आडवा होता. उलटला नव्हता. लाटेने त्याला उभ्याउभ्या नऊ फूट बाजूला ढकललं होतं. जमिनीत चाकांनी ओढलेले चर दिसत होते, नांगर चालावा तसे. काचा गेलेल्या, एक दार आत चेपलेलं, ताडपत्री जळून गेलेली. पण पाणी होतं, तेल होतं, आणि इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं.

मी खाली शिरलो. चाकं मातीत रुतलेली असताना गाडी आडवी ढकलली जाते, तेव्हा तो सगळा जोर पुढच्या चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्यावर येतो. मी त्यावरचं ग्रीस बोटाने पुसलं. तिथे एक रेघ होती, केसाएवढी. ओरखडा असेल किंवा चीर असेल. दांडा काढून धुऊन बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्याला अर्धा दिवस जातो. मी बाहेर आलो आणि दारावर फुली मारली.

प्रूइट जीपने आला. हातात पाटी, पाटीवर कागद. म्हणाला, "हे इंजिन चालू आहे ना?"

"आहे."

"मग फुली कशाची?"

मी सांगितलं. तो वाकून बघायला गेला नाही. त्याने विचारलं, "तुझी खात्री आहे?"

"खात्री नाही साहेब. शंका आहे."

"पक्की चीर आहे असं लिहून देशील?"

"दांडा काढल्याशिवाय कसं देणार?"

"म्हणजे नाही." त्याने कागद उलटला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तू शुक्रवारी निघतोयस ना? अर्ज माझ्याकडेच आहे. आज हे आटपलं की सही करून टाकतो."

धमकी नव्हती ती. मी त्यावर खूप विचार केलाय. त्याला ते खरंच आठवलं होतं. तो तिथेच उभा राहिला. त्याने पूस असं म्हटलं नाही, सॉल्वेग. एकदाही म्हटलं नाही.

मी बाहीने फुली पुसली. जुन्या जाकिटाची बाही, उजवी. आणि तिथे गोल काढला.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो, सबब म्हणून नाही. रस्ता सपाट आहे. हळू चालवला तर निघेल. मागच्या खेपेला मी तक्त्यावरून बोललो तेव्हा मला गप्प बसवलं होतं, आता एका रेघेवरून काय भांडायचं. आणि शुक्रवार. मी तुझ्या फाटकाशी उभा असेन, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. हे सगळं बाही दारावर फिरायला लागतो तेवढ्या वेळात.

तो ट्रक कोण नेईल हे मी ठरवलं नव्हतं. जो पुढे येईल तो. इंगी पुढे आला.

अडीच मैलांवर कोरडा ओढा लागतो, तिथे रस्ता जरा उतरतो. तिथे दांडा तुटला. मागून येणाऱ्याने सांगितलं की चाकं दोन दिशांना गेली. ट्रक कडेवरून खाली गेला आणि कूस बदलावी तसा फिरला. दार आधीच चेपलेलं होतं, आता छप्परही बसलं, त्याला आत जागाच उरली नाही. मी पोहोचलो तेव्हा तो शुद्धीत होता. मला म्हणाला, "दाजी, पाय शोधा माझे, कुठेतरी पडले असतील." मला वाटलं थट्टा करतोय. त्याचे पाय तिथेच होते, मी त्यांना हात लावून उभा होतो.

हे मी सांगितलं. आता तू काय करायचं ते कर.

लेलँड

लास व्हेगस, ६ मे, शुक्रवार

सॉल्वेग,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मी प्रूइटकडे गेलो. म्हटलं, मला जबाब लिहून द्यायचा आहे. त्याने खुर्ची पुढे केली. दाढी केलेली नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिहून काय होईल? त्याची पाठ सांधेल?"

"नाही."

"तुला काढतील. कदाचित आत टाकतील, बाहेर बोललास म्हणून. आणि मी काय केलं म्हणून लिहिणार आहेस? मी विचारलं. पुसलीस तू."

"हो. तेच लिहिणार आहे."

मी लिहिलं. दोन पानं. त्याने माझ्यासमोर वाचलं, एका शब्दाचं स्पेलिंगही सुधारलं आणि पाकिटात घालून वर पाठवलं. तीन दिवसांनी पाकीट परत आलं. वर टाचण होतं, की हा मजकूर गोपनीय चाचणीसंबंधी असल्यामुळे अपघाताच्या कागदपत्रांत जोडता येत नाही. आणि चाचणीच्या कागदपत्रांत अपघाताला जागा नाही. म्हणजे तो कुठेच ठेवता येत नाही. प्रूइटने हात पसरले. त्या वेळी तो मला माझ्यासारखाच दिसला, आणि त्याचा मला फार राग आला.

अहवालाची कच्ची प्रत टेबलावर होती. मी उलटी वाचली. चौदावा ट्रक: अंतर चौदाशे यार्ड, स्थिती आडवी, नऊ फूट सरकला. पुढे लिहिलंय, "चालवण्याजोगा. स्वतःच्या शक्तीवर अडीच मैल गेला." एकवीसपैकी तेरा. त्या तेरात तो आहे. त्या आकड्यावरून उद्या कुणीतरी कुठेतरी ट्रकांची रांग उभी करील, आणि त्यांत माणसं बसवील.

मी म्हटलं, हे बारा करा. प्रूइट म्हणाला, "गेला ना पण अडीच मैल?"

तिथून मी इंगीकडे गेलो. अर्धा तास होता. पंचवीस मिनिटं मी त्याला बाहेरच्या गोष्टी सांगितल्या. मग म्हटलं, "इंगी, फुली होती. मी पुसली."

तो छताकडे बघत होता. "माहिती आहे."

"कसं?"

"तुमची बाही पांढरी होती, दाजी. माझ्या हातात किल्ली दिलीत तेव्हा बघितली."

मी विचारलं, "मग बसलास कशाला त्यात?"

त्याने माझ्याकडे बघितलं. खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं. म्हणाला, "तुम्ही पुसलीत म्हणजे ठीकच असणार ना."

नर्सने घंटा वाजवली. मी उठलो नाही, तिने दोनदा सांगितलं तरी नाही. मग इंगीच म्हणाला, "जा आता. उद्या या. येताना जरा माणसाच्या लायकीची कॉफी आणा, इथे तेवढंही जमत नाही त्यांना."

मी रोज नेतोय. थर्मासमधून. तो दोन घोट घेतो.

लेलँड

लास व्हेगस, १२ मे, गुरुवार

सॉल्वेग,

डॉक्टरांनी सांगून टाकलं. सूज उतरली आहे आणि पाय येणार नाहीत. त्यांच्याकडून जे होण्यासारखं होतं ते झालं, आता घरी नेलं तर त्यांची हरकत नाही. इतके दिवस हलवण्याजोगा नव्हता. जागा हवी झाली की हलवण्याजोगा झाला.

इंगीला मी विचारलं, कुठे जायचं? त्याला नर्सिंग होममध्ये ठेवायचीही एक वाट आहे, कॅलिफोर्नियात. तो म्हणाला, "बाबांच्या गोठ्यातून रस्ता दिसतो. ती खिडकी आहे ना, दूध ठेवतो तिथली. माझी खाट तिथे लावा म्हणावं." मग म्हणाला, "ताई ओरडेल." मी म्हटलं, ओरडू दे. "तुमच्यावर ओरडेल, माझ्यावर नाही. मी आता आयुष्यभर सुटलो."

मी नोकरी सोडली. सोडली म्हणजे राजीनामा द्यायच्या आधीच त्यांनी बिल्ला काढून घेतला. मी बाहेर जाऊन काही बोललो तर काय होईल याचा कागद वाचून दाखवला आणि सही घेतली. मी केली. तीही केली. हे पत्र मी त्या सहीनंतर लिहितोय.

माझ्या हातात आता काही नाही. तो अहवाल छापला जाईल, पुढच्या वर्षी नवा तक्ता निघेल, आणि चौदाशे यार्डांवर ट्रक चालतो असं त्यात असेल. मी तीन माणसांना सांगितलं. तिघांनी ऐकून घेतलं. तुला मी माफ कर म्हणणार नाही, ते म्हणायला तोंड लागतं. घरात घे असंही म्हणत नाही.

आम्ही शनिवारी निघतोय. मालडब्याला लागून एक डबा देतात, त्यात खाट बसते. शिकागोत गाडी बदलायची, ते कसं करायचं ते मला अजून ठाऊक नाही, पण होईल. तुमच्या स्टेशनवर मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. गाडी तिथे चार मिनिटंच थांबते.

तो काही हलका झालेला नाही. खाट डब्याच्या दारातून तिरकी काढावी लागते आणि फलाट खाली आहे, ते तुला माहीतच आहे. चार माणसं लागतील.

तिघं तू बघ. चौथा मी आहे.

लेलँड